काळं उतरवायचा दिवस

माम ऐयूबने रंगीत कापडाचं गाठोडं सकाळपासून मांडीला लावून ठेवलं होतं, आणि ते सोडायला त्याला कुणी सांगत नव्हतं. खावरसाठी जांभळं, परशिंगसाठी हिरवं, गेलाससाठी बारीक फुलांचं. नवरोज तोंडावर आला होता, आणि दरेशीन गावात दुखवट्याचं काळं वर्षानंतरच्या नवरोजच्या पलीकडे नेत नाहीत. घरातला वडीलधारा माणूस कापड आणतो, फातिहा म्हणतो, "आता पुरे" म्हणतो. बायका थोड्या रडतात, थोडे आढेवेढे घेतात आणि आत जाऊन कपडे बदलून येतात. मग जेवण. माम, म्हणजे काका, असलेल्या ऐयूबने निम्म्या गावाचं काळं असं उतरवलं होतं. याच घरात, त्याचा थोरला भाऊ वारला त्यानंतर, याच भावजयीचं, खावरचंही त्यानेच उतरवलं होतं, आणि तेव्हा चहा निवायच्या आत काम झालं होतं.

आज चहाचे कितीतरी फेरे झाले तरी खावर तव्यापुढून उठली नव्हती. ओसरीत बसून ती उपड्या तव्यावर रानकांद्याची पात भरलेल्या पोळ्या भाजत होती आणि थप्पी रचत होती. एवढ्या पोळ्या कोण खाणार होतं, खुदा जाणे. आत बसलेल्या सगळ्यांना कळत होतं की ही जेवणाची तयारी नव्हे, टाळाटाळ आहे.

शाहो दाराजवळ बसला होता. घरातला थोरला मुलगा, पण जागा पाहुण्याची. पहाटे सनंदजहून शेअर टॅक्सीने निघाला होता, आणि त्या वळणांनी पाठीचा पार भुगा झाला होता. पन्नाशी उलटलेली, गुडघे बोलायला लागलेले, आणि खांद्याला ती नेहमीची जड पिशवी, जी तो मशिदीत जातानाही खाली ठेवत नाही असं गाव म्हणायचं.

"परशिंग," ओसरीतून आवाज आला, "त्याला विचार, आणखी चहा हवा का."

परशिंग त्याच्या धाकट्या भावाची, रेबीनची विधवा. तिने विचारायची गरज नव्हती, सगळ्यांनीच ऐकलं होतं. तरी तिने बिचारीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"नको म्हणावं," शाहो म्हणाला.

"नको म्हणतात, दाये," परशिंग म्हणाली. खावरला मुलं-सून दाये म्हणायची, म्हणजे आई.

वर्ष झालं, हे असंच चाललं होतं. खावर सगळ्यांना "रोला" म्हणायची. लेकरा, पोरा, सोन्या, सगळं त्या एका शब्दात यायचं. पोरांना रोला, सुनेला रोला, कोंबड्यांना दाणे टाकतानाही रोला. शाहोला मात्र तिने रेबीनला पुरल्यापासून एकदाही हाक मारली नव्हती. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. माणूस शिव्या खाऊन मोकळा होतो. पण ती त्याला काही सांगायचं झालं तर दुसऱ्या कुणाला तरी सांगायची, आणि तो उत्तर त्या दुसऱ्यालाच द्यायचा. त्याला आता या सगळ्याचा कंटाळा आला होता. खरं सांगायचं तर त्याला कशाचाच उत्साह उरला नव्हता.

"काक शाहो," गेलास म्हणाली. ही त्याची धाकटी बहीण. एरवी ती त्याला नुसतं शाहो म्हणायची. मान देऊन "काक", म्हणजे दादा, म्हणाली की समजायचं, आता धडगत नाही. "आम्हाला सांगायचं राहिलं का काही? की आम्ही पोरांच्या मोबाईलवरच वाचायचं?"

"काय?"

"काय म्हणे! मरिवानच्या हॉलमध्ये सिनेमा आहे तुझा. नवरोजच्या आठवड्यात. परवानगी मिळाली म्हणे. अख्खा मुलूख एकमेकांना कळवतोय, मुबारक मुबारक करतोय. आणि इथे आई अजून काळ्यात बसलीय."

माम ऐयूबने घसा खाकरला. "गेलास, आधी जेवण होऊ दे."

"जेवण कसलं, माम? तिला उठवा की आधी! उठतेय का? का उठत नाही ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. फक्त या साहेबांना ठाऊक नाही."

शाहोला ठाऊक होतं. अख्ख्या मुलखाला ठाऊक होतं.

त्या सिनेमाचं नाव या घरात कुणी घेत नसे. खिंड ओलांडून पाठीवर ओझी वाहणाऱ्या एका कोलबराची गोष्ट होती ती. नट आणायला शाहोकडे काय होतं? नेहमीप्रमाणे त्याने घरच्यांनाच उभं केलं. रेबीन कोलबर झाला, खावर त्याची आई. शेवटी कोलबर बर्फात मरतो, त्याला घोंगडीत गुंडाळून घरी आणतात आणि आई त्याच्यावर शीन म्हणते. मेलेल्या माणसाला उद्देशून बायका जे गातात, रडतात, ते शीन. खावरसारखी शीन म्हणणारी त्या डोंगरात दुसरी नव्हती. आजूबाजूच्या गावांत कुणी गेलं की तिला बोलावणं यायचं. माणूस गेला की ती त्याच्यासाठी नवं शीन रचायची, आणि एकाचं शीन दुसऱ्याला कधी म्हणायची नाही.

सिनेमातल्या कोलबराचं नाव हमे होतं. खावरने हमे म्हणायचं ठरलं होतं. पण घोंगडीवर ओणवी झाली आणि तिच्या तोंडून नाव निघालं ते रेबीनचं. पोटच्या पोराचं, जिवंत पोराचं नाव. जमलेल्या बायकांनी दातांत ओढण्या धरल्या. पुन्हा करू, असं कुणी म्हणालंही असेल. पण शाहोने ते तसंच ठेवलं, कारण तसं पुन्हा होणार नव्हतं हे त्याला तिथल्या तिथे कळलं होतं. परदेशातल्या महोत्सवांत लोक त्या जागेला उभे राहिले. बक्षीस म्हणून मिळालेला काचेचा ठोकळा त्याने आईला आणून दिला. खावर त्याखाली चीज पाणी निथळायला ठेवायची. छान दाबतो, म्हणायची.

आणि मग, दोन हिवाळ्यांनंतर, रेबीन खरोखरच ओझं घेऊन त्याच खिंडीत गेला आणि बर्फाचा कडा खाली आला.

घोंगडीत गुंडाळून आणला. तेच घर, तीच खोली. बायका जमल्या, खावरला मध्ये बसवलं, वाट पाहिली. आणि मुलखाची शीन म्हणणारी खावर दगडासारखी बसून राहिली. तोंडातून शब्द नाही, डोळ्यात टिपूस नाही. माती दिली तरी नाही, चाळिसावा झाला तरी नाही.

"लोक काय म्हणतात माहितीये?" गेलास म्हणाली. "म्हणतात, पोराचं शीन तिने पोरगा जिवंत असतानाच विकलं. कॅमेऱ्यापुढे गाऊन टाकलं, आता उरलंय काय? मरिवानच्या बाजारात माझ्या तोंडावर म्हणतात. मी ऐकून घेते आणि भाजी घेऊन घरी येते."

हे बोलताना ती शाहोकडे बघत नव्हती. तिला त्याची दया येत होती आणि दया आली की तिचा राग पातळ होतो हे ती जाणून होती. लहानपणी याच भावाने तिला खांद्यावर बसवून लग्नांतून फिरवलं होतं. एका हाताने तिचा पाय धरायचा, दुसऱ्या हाताने कुणाचा तरी उसना कॅमेरा. ते आठवायला नको म्हणून ती माम ऐयूबच्या गाठोड्याकडे बघत बोलत राहिली.

"माझं म्हणणं एवढंच आहे. माम ऐयूबसमोर, कुराणावर हात ठेवून सांग. तो सिनेमा पुन्हा कुठेही दाखवणार नाहीस. ना मरिवानला, ना आणखी कुठे. दायेने स्वतःच्या कानांनी ऐकू दे. मग बघ उठते की नाही."

माम ऐयूब गाठोड्याच्या गाठीशी चाळा करत होता. त्याला भांडण नको होतं, दुपारपर्यंत काळं उतरायला हवं होतं. बाहेर निम्म्या गावाला जेवणाचं आमंत्रण गेलं होतं. "शाहो, बेटा," तो म्हणाला, "मला सिनेमातलं काही कळत नाही. पण घरात आई अशी बसलेली असताना... तूच बघ बाबा."

"बरं," शाहो म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"नाही दाखवणार. आणा कुराण."

गेलास दिवसभराच्या भांडणाची तयारी करून आली होती, आणि समोरच्याने पहिल्याच फटक्याला हात टेकले. असा कुणी हरला की जिंकणाऱ्यालाही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

शाहो भिंतीला टेकला. त्याला स्वतःचंही आश्चर्य वाटलं नाही. लग्नांचं शूटिंग करता करता सुरुवात केली होती. पहिला सिनेमा काढला तेव्हा कॅसेटी पिठाच्या डब्यात पुरून ठेवल्या होत्या आणि खावरने त्या पिठाच्या भाकरीही केल्या होत्या. मग परवानग्या. अर्ज, फेऱ्या, "पुढच्या आठवड्यात या", पुन्हा फेऱ्या. शाळांच्या भिंतींवर, गोठ्यांत, चादरींवर सिनेमे दाखवले. बायको कंटाळून सोडून गेली, तिचंही काही चुकलं नाही. परदेशात टाळ्या झाल्या, पण टाळ्या वाजवणाऱ्यांना यातली एकही शिवी कळत नव्हती, ती खालच्या भाषांतराच्या पट्टीवर वाचून हसत होती माणसं. आयुष्यभर एकच हाव होती, ज्यांची भाषा आहे त्यांच्यात बसून, रीतसर अंधारात, रीतसर पडद्यावर, एकदा बघायचं. एकामागून एका सिनेमासाठी त्या हॉलची परवानगी मागण्यात एक तप गेलं होतं. आणि आता ती मिळाली तर त्याला वाटत होतं, जाऊ दे ना. संपवा एकदाचं.

माम ऐयूब कोनाड्यातलं कुराण घ्यायला उठला.

"मला कुणी विचारणार आहे का?" परशिंग म्हणाली.

वर्षभरात ती एवढ्या मोठ्याने बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. माम ऐयूब अर्धा उठलेला तसाच राहिला.

"नवरा माझा होता," ती म्हणाली. "वर्षभर मी तुमच्या बाजूने गप्प बसले, गेलास. तुम्ही म्हणालात सिनेमा अपशकुनी, मी मान हलवली. म्हणालात काक शाहोशी बोलू नको, नाही बोलले. आता बस्स."

"परशिंग, अगं, तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी नको! माझ्या मुलीला बापाचा आवाज आठवत नाही. फोनमध्ये फोटो आहेत ढीगभर, पण फोटो काय बोलतो का? सिनेमात तो छपरावरचं बर्फ ढकलतो. खोकतो. खेचराला शिव्या देतो. माझा नवरा जसा चालायचा तसा चालतो. आणि तुम्ही म्हणता कुराणावर हात ठेवा आणि पुरा त्यालाही."

"अगं, पण तो मेलेला पडलाय त्यात!"

"शेवटी," परशिंग म्हणाली. "त्याआधी दीड तास जिवंत आहे."

गेलासने ओठ घट्ट मिटले. वर्षभर जिच्या खांद्याला खांदा लावून ती उभी होती ती वहिनी आता समोरच्या बाजूला जाऊन बसली होती, आणि शाहो तर बाजूच सोडून बसला होता. माम ऐयूब हळूच पुन्हा खाली टेकला आणि गाठोडं मांडीवर घेतलं.

दारात खावर उभी होती. हात पिठाने पांढरे, अंगभर काळं. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"गेलास," ती म्हणाली, "त्याला सांग, मला बघायचाय."

"काय बघायचंय, दाये?"

"सिनेमा."

गेलासने कपाळाला हात लावला. "दाये, आज? आत्ता? अगं लोक जेवायला येतायत. आणि तू कधी बघितला नाहीस तो. तो घेऊन आला होता तेव्हा तूच म्हणालीस, मी स्वतः तिथे होते, आता काय बघायचं."

"तेव्हा नव्हता बघायचा. त्याला सांग, सगळा नको. फक्त शेवट."

शाहोला वाटलं, ही शिक्षा आहे. देऊ दे. तो उठला, त्याची गुडघ्याची हाडं वाजली. पिशवीतून जुना प्रोजेक्टर काढला, गावोगावच्या भिंतींवर फिरून ज्याचा एक कोपरा फुटला होता. परशिंग न सांगता लोकरीच्या घोंगड्या घेऊन आली आणि खिडक्यांवर अडकवायला लागली. क्षणभराने गेलासही उठली. तोंड फुगलेलंच होतं, पण हात लागला. भरदुपारी खोलीत अंधार झाला. माम ऐयूब पुटपुटला, "तौबा, तौबा," आणि भिंत नीट दिसावी म्हणून सरकून बसला.

भिंतीवर हीच खोली उमटली. तोच गालिचा, तोच कोनाडा. मध्ये घोंगडी, घोंगडीत रेबीन, गालांवर चुना फासून फिकट केलेला. भिंतीवरची खावर वेणी सोडत होती. खोलीतली खावर उकिडवी बसून बघत होती, पिठाचे हात गुडघ्यांवर.

भिंतीवरच्या खावरने सूर लावला.

*रेबीन, तुला मी पाठीवर घेऊन ही खिंड चढले,*
*तू कुणाचं ओझं घेऊन उतरलास?*
*ऊन उतरायला लागलं की घरी ये म्हटलं होतं,*
*ऊन आलं रे दारात, तू कुठेस?*

परशिंगने तोंडावर ओढणी धरली. माम ऐयूबचे ओठ हलत होते. गेलास भिंतीकडे न बघता आईकडे बघत होती, आता कोसळेल, आता कोसळेल म्हणून. खावर हलली नाही. शीन संपलं, भिंतीवरची आई मुलाच्या छातीवर डोकं टेकून राहिली, आणि अंधार झाला. नावं वर सरकायला लागली.

शाहोने यंत्र बंद करायला हात लांबवला.

"पुढचं कुठंय, रोला?"

हात तिथेच थांबला. आधी त्याला शब्द ऐकू आला, प्रश्न मागाहून. गेलासनेही चमकून मान वळवली. खावर सरळ त्याच्याकडे बघत होती.

"संपला, दाये," तो म्हणाला. "एवढाच आहे."

"एवढाच कसा? मग तो उठला की."

"ते..." तो म्हणाला. "ते सिनेमात नाही."

"का नाही? तुझं ते यंत्र चालूच होतं. तू कधी बंद करायचास?"

खरं होतं. शाहो "कट" असं कधी म्हणायचाच नाही. म्हटलं की गावची माणसं दुसऱ्या वेळी लाकडासारखी ताठ व्हायची. म्हणून तो गप्प बसायचा, कॅमेरा चालू ठेवायचा, आणि माणसं आपोआप थकून, हसून, उठून जायची. मग मागाहून कापायचं. जगभर त्याच्या या रीतीचं कौतुक झालं होतं.

कापलेलं सगळं पिशवीच्या तळाशी एका डिस्कमध्ये होतं. वर्षभरात त्याने ती उघडली नव्हती. आता त्याने ती काढली, वायर जोडली, फोल्डर शोधायला लागला.

पुन्हा तीच खोली. पुन्हा शीन, शेवटच्या ओळी. खावरचं डोकं रेबीनच्या छातीवर. इथे सिनेमा संपायचा. इथे तो संपला नाही. कुणीतरी नाक ओढलं. एक माशी रेबीनच्या कपाळावर बसली, उडाली. मग खावरच्या सुटलेल्या वेणीचं टोक त्याच्या नाकाशी आलं, आणि मेलेल्या कोलबराचं नाक हललं. एकदा, दोनदा. आणि तो सणसणीत शिंकला.

मग भिंतीवरची अख्खी खोली हसायला लागली. खावर मागे कोलमडली, मग उठून दोन्ही हातांनी त्याला बडवायला लागली. "मेल्या! काळजाचं पाणी केलंस माझ्या! मेल्या!" रेबीन घोंगडीसकट उठून बसला, गालांचा चुना पुसत. "दाये, पुरे, पुरे! एवढं मारशील तर खरंच मरेन!" मग सरळ कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "काक शाहो, मेलेल्या माणसाला चहा मिळतो का इथे?" गर्दीत कुठेतरी गेलासचं हसू ऐकू येत होतं, उंच, थांबता न थांबणारं. रेबीन चहाचा पेला घेतो, साखरेचा खडा दाताखाली धरतो, फुर्र करून पितो. एवढ्यावर ती चित्रफीत संपली.

परशिंग हसत होती आणि रडत होती. गेलासने तोंडावर हात दाबून धरला होता. असं हसू तिच्या तोंडून निघायचं हे ती स्वतःच विसरून गेली होती.

"हे कापलंस," खावर म्हणाली.

"हो."

"सगळ्या जगाला तो पडलेलाच दाखवलास."

"सिनेमा तसाच संपतो, दाये," शाहो म्हणाला, आणि म्हणताना ते उत्तर त्याला फारच गरीब वाटलं.

खावरने हातावरचं सुकलेलं पीठ चोळून काढलं. "तुम्हाला वाटतं, शीन संपलं माझ्याजवळचं," ती म्हणाली. ती कुणावर रागावून बोलत नव्हती, दमलेल्या माणसासारखी बोलत होती. "गेलासला वाटतं, गावाला वाटतं. शीन कशाने संपतंय? पण त्या दिवशी मी गायले आणि तो उठला. तुम्ही होतात ना सगळे? उठून चहा प्यायला. मग त्याला आणला घोंगडीत. सगळ्या म्हणाल्या, खावर, म्हण. कशी म्हणू? म्हटलं, आणि उठला नाही तर?"

गेलासचा तोंडावरचा हात खाली आला.

"शीन म्हटलंच नाही, तर अजून काही ठरलेलं नाही, असं वाटायचं," ती म्हणाली. "रोज वाटायचं. तुझ्याशी बोलले असते तर तुला विचारलं असतं, ते उठलेलं कुठे ठेवलंस. आणि तू म्हणाला असतास, टाकून दिलं. म्हणून नाही बोलले."

"टाकलं नाही, दाये."

"बघितलं ना." तिने बाहीने डोळे नव्हे, कपाळ पुसलं. "तुझ्या त्या हॉलमध्ये दाखव. लोकांना बघू दे. पण त्याला उठवल्याशिवाय सोडू नकोस, रोला. चहा पिऊ दे त्याला."

सगळा शेवट यामुळे मोडणार होता. ज्या अंधारासाठी माणसं उभी राहिली, तो अंधार जाऊन तिथे एक शिंक येणार होती. कुठल्याही जाणत्या माणसाने त्याला वेड्यात काढलं असतं. "बरं," शाहो म्हणाला. मघाशी म्हणाला होता तसं दमून नव्हे.

"आता घोंगड्या काढा. आणि ते बंद कर."

गेलासने खिडक्या मोकळ्या केल्या. दुपारचं ऊन एकदम गालिच्यावर आलं. माम ऐयूबला वाटलं आता आपली पाळी आली, त्याने गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. "खावर, मग... हे जांभळं..."

"ते ठेवून द्या, ऐयूब," खावर म्हणाली. "अजून रडलेच नाही, तर उतरवू काय?"

आणि तिने डोक्यावरचा काळा रुमाल सोडला. वेणी मोकळी केली, सिनेमात केली होती तशीच, पण आता ती निम्मी पांढरी होती. गालिच्यावर, जिथे घोंगडी ठेवली होती तिथे, दोन्ही तळहात टेकले. मग वर्षभर बंद असलेला आवाज निघाला, आधी घोगरा, फाटलेला, मग भिंती भरून टाकणारा. शब्द नवे होते. ते आजवर कुणी ऐकले नव्हते. पहिला शब्द रेबीन होता.

परशिंग तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनेही केस सोडले. माम ऐयूबने गाठोडं उशीमागे सारलं आणि म्हातारा हुंदके द्यायला लागला. शाहो भिंतीला टेकून खाली बसला. उजेड आईच्या केसांवर पडला होता. कॅमेरा पिशवीत होता, आणि तिथेच राहिला. त्याने डोकं गुडघ्यांवर टेकलं आणि लहान पोरासारखा रडला.

जेवायला निघालेल्या बायका गल्लीत होत्या, हातांत झाकलेली ताटं, अंगावर काळं उतरवायच्या दिवसासाठी काढलेले रंगीत कपडे. आवाज ऐकला आणि त्या थबकल्या. मग ताटं गल्लीतल्या बुटक्या भिंतीवर तशीच टाकून पळत आल्या. पुढची धापा टाकत दाराशी पोचली.

"काय झालं? कोण गेलं?"

गेलासने दार पूर्ण उघडलं. त्यांना आत यायला वाट दिली.

"रेबीन गेला," ती म्हणाली.